दिव्याची पाळी आणि वाटेवरची घरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या दैनिकातल्या वाचकांच्या पत्रांत देवळांच्या जीर्णोद्धाराची चर्चा चालली आहे. गावोगावी लाखांनी खर्च होतो असं एकाचं म्हणणं, तर तरुण मुलं देवळाची पायरी चढत नाहीत असं दुसऱ्याचं. मी दापोली तालुक्यातला, केळशीच्या अलीकडच्या एका लहान गावातला निवृत्त डाकसेवक. एकतीस वर्षं पंचक्रोशीत पायी नि सायकलवरून टपाल वाटलं. ग्रामदेवीचा कौल घेतल्याशिवाय माझ्या घरात आजवर एकही कार्य निघालेलं नाही. जे लिहितो आहे ते त्याच श्रद्धेपोटी. लिहायला मात्र मला तीन वर्षं लागली.

तीन वर्षांपूर्वीचा माघ महिना. गावात हरिनाम सप्ताह बसला होता. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, मग महाप्रसाद. मुंबईहून चाकरमानी आले होते, देवळापुढच्या खळ्यात मांडव घातला होता, पिंपळावर भोंगा बांधला होता. आयुष्य टपालात गेल्यामुळे सगळ्यांची पूर्ण नावं मला पाठ. म्हणून देणग्यांच्या पावत्या भोंग्यावरून वाचायचं काम दर वर्षी माझ्याकडेच असतं. त्या दिवशीही मीच वाचत होतो.

देवळाच्या खालच्या अंगाला, सुपारीच्या वाडीपलीकडे, एक काकी एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान लालबागला गिरणीत होते. दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर मी काकींच्या हातात द्यायचो आणि सोबतच्या कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवायचो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांच्या मनीऑर्डरी एकदम थांबल्या. पिशवीत त्यांच्यासाठी काही नाही हे माझ्या चालण्यावरून काकींना लांबूनच कळायचं. तरीही मी दारावरून जाताना त्या गूळपाणी दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत. गूळ तरी कुठला, डब्याच्या तळाचा खरवडलेला.

सप्ताहाला काकी एकशे एक रुपये द्यायच्या. त्या वर्षीही दिले होते. पावती मीच फाडली होती.

महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी प्रसाद पोचवायचा म्हणून मी द्रोण घेऊन निघालो. काकींचं दार नुसतं लोटलेलं होतं. ओटीवरून हाक मारली, उत्तर नाही. माजघरातून मागच्या पडवीत गेलो. काकी न्हाणीच्या उंबऱ्याशी जमिनीवर पडलेल्या होत्या. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि त्याचं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. ओठांवर पांढरी साल धरली होती. पाण्याची कळशी हाताच्या अंतरावरही नव्हती. आदल्या दिवसाच्याही आदल्या संध्याकाळी पाय घसरून पडल्या होत्या. दोन रात्री आणि मधला सबंध दिवस त्या तिथेच होत्या.

चमच्यानं थोडं थोडं पाणी पाजलं. आवाज फुटल्यावर त्या जे पहिलं वाक्य बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो. ‘‘तू माज्या नावाची पावती वाचलीस ना, ती मी हितं पडल्या पडल्या आयकली.’’

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. हाका मारून बघितल्या, पण भोंग्यापुढे कुठल्या पोचायला, असं त्यांनीच मग समजुतीच्या सुरात सांगितलं. देऊळ त्या उंबऱ्यापासून दोनशे पावलांवर आहे. मी नंतर मोजली. देवळात त्या दिवशी काही शे पानं उठली. सप्ताहाला पहिला नारळ ठेवणारी बाई मांडवात नाही, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. भोंग्यावरून तिचं नाव पुकारणाऱ्या माझ्याही नाही.

आमच्या वाडीपर्यंत गाडी येत नाही. १०८ ला फोन केला, ती वरच्या रस्त्याला येऊन थांबली. काकींना उचलायचं कसं हा प्रश्न होता. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला काखेत हात घालून उभं करू नये एवढं आमच्या आशाताईंना, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य स्वयंसेविकेला, माहीत होतं. त्यांनी गोठ्याचं जुनं दार काढायला लावलं, त्यावर गोधडी अंथरली, दोन्ही पाय एकत्र बांधले आणि सहा पोरांनी दार खांद्यावर घेतलं. शिमग्यात पालखी नाचवणारीच ही पोरं. चढाच्या वाटेवर देऊळ लागतं. तिथे पायरीशी पोरं सवयीनं थांबली. काकींनी पडल्या पडल्या हात जोडले. मी मान वर केली नाही.

शस्त्रक्रिया झाली. मुलानं त्यांना मुंबईला नेलं, मनापासून केलं. आठ महिन्यांनी त्या गेल्या. मुलाला कुणी बोल लावू नये. तिकडे पोट, इकडे आई, असं आमच्या निम्म्या गावाचं झालं आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांच्या घरात होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे जिल्ह्यात ११२२ बायका. हे आकडे मी कागदावर वाचण्याआधी उंबऱ्यांवर बघितले आहेत. टपाल घेऊन गेलं की दार उघडायला म्हातारी यायची, नाहीतर कुलूप असायचं. मी नोकरीत होतो तोवर निदान कुणीतरी त्या दारांवरून रोज जात होतं. आता पत्रं येत नाहीत आणि पैसे थेट बँकेत जमा होतात.

त्यानंतर गावकीची बैठक बसली. विषय कळसाचा होता. मी उठलो आणि भोंग्यावरच्या पावतीची हकिगत सांगितली. गाव गप्प झालं. मग एकेक बोलू लागलं. हे मुलांनी बघायचं, हे सरकारचं काम, समिती नेमू, अशा सूचना निघाल्या. त्या बैठकीत आमच्या गुरवीणकाकी जे बोलल्या त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. त्या म्हणाल्या, ‘‘समिती कशाला? दिवा लावायला रोज कोणतरी त्याच वाटेनं येतं नि जातं.’’

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळची पूजा गुरव करतो. संध्याकाळचा दिवा मात्र घराघराची पाळी, सोमवार ते सोमवार. पाळी संपली की तेलाची पितळी बुधली पुढच्या घरी जाते. घर बंद असेल तर भाऊबंदांपैकी कुणीतरी तेवढा आठवडा उचलतं. कितीतरी घरं रिकामी झाली, शेतं पडीक गेली, पण ही पाळी आमच्या गावात कधी चुकली नाही. कोविडात चुकली नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं, आमच्याकडची कौलं आणि पत्रे उडाले, माडपोफळी आडव्या झाल्या, पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. त्या संध्याकाळीसुद्धा पडलेल्या झाडांवरून चढत उतरत पाळीच्या घरातला माणूस बुधली घेऊन देवळात पोचला होता. ज्या गावाला एवढं जमतं, त्याला त्याच वाटेवरची एकट्या म्हाताऱ्या माणसांची नऊ घरं बघणं अवघड का वाटावं?

एका वडीलधाऱ्या मानकऱ्यांनी हरकत घेतली. देवाच्या कामात माणसांची कामं मिसळू नयेत, पाळीला पाळीच राहू द्यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी त्यांचा मान राखून माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो.

माझे वडील विंचू उतरवायचे. आमच्या भागात लाल विंचू फार. पेंढ्यात, जांभ्याच्या गडग्यात, सरपणात. वडिलांना त्यांच्या गुरूनं मंत्र दिला होता आणि त्याबरोबर पथ्यं. पैसा घ्यायचा नाही, त्या घरी चहासुद्धा घ्यायचा नाही, जात विचारायची नाही, आणि बोलावणं आलं की पानावरून उठून जायचं. अर्ध्या जेवणावरून उठताना मी त्यांना कितीदा बघितलं आहे. काही माणसं बरी व्हायची. काहींना दरदरून घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे, तोंडाला फेस यायचा आणि माणूस पहाटेपर्यंत जायचा. त्या दिवशी वडील घरी येऊन कुणाशी बोलायचे नाहीत.

महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर याच विंचूदंशाचा अभ्यास करत होते. विंचवाचं विष थेट हृदयावर आघात करतं हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं आणि ऐंशीच्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरून माणसं वाचवली. जिथे गंभीर विषबाधेत शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे ते प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गोळीची वार्ता आमच्याकडे पोचली तेव्हा वडील पन्नाशीचे होते. त्यांनी स्वतः दापोलीला जाऊन डॉक्टरांना विचारून खात्री केली आणि त्या दिवसापासून मंत्र घालणं थांबवलं. पथ्यं मात्र सगळी ठेवली. बोलावणं आलं की पानावरून उठायचे, मिळेल त्या गाडीनं माणसाला दवाखान्यात पोचवायचे, तिथे रात्रभर बसायचे आणि सकाळी त्याच्या घरचा चहा न घेता परत यायचे. लोक म्हणाले, तुमची श्रद्धा उडाली. वडिलांचं उत्तर मला पाठ आहे. ‘‘देवानं मला माणूस वाचवायला दिलं होतं. तो तिकडं वाचतोय तर तिकडं न्यायचं.’’

हे ऐकून मानकरी काही वेळ बसून राहिले. मग म्हणाले, पहिली पाळी माझ्या घरची लावा.

आता ते प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो, कारण इतर गावांना खरा उपयोग त्याचाच आहे. सुरुवातीला आम्ही चुकलो. पाळीचा माणूस दारात जाऊन ‘‘काकी, बऱ्या आहात ना?’’ असं विचारायचा. तिसऱ्या दिवसापासून म्हातारी माणसं ओटीवरूनच हात हलवून वाटेला लावू लागली. कुणी आपल्यावर दया करतं आहे हे कोकणी माणसाला सोसत नाही, आणि ज्यांनी जन्मभर स्वतःची शेतं स्वतः लावली त्यांना तर नाहीच. यातूनही वाट गुरवीणकाकींनीच काढली. म्हणाल्या, द्यायला जाऊ नका, मागायला जा. तेव्हापासून पाळीचा माणूस प्रत्येक घरी देवीसाठी एक फूल मागतो. जास्वंद, तगर, अनंत, अबोली, जे दारात असेल ते. काहीच नसेल तर तुळशीचं पान.

एवढ्यानं सगळं पालटलं. आता संध्याकाळी दिवेलागणीच्या आधीच म्हातारी माणसं फूल काढून, हात धुऊन ओटीवर बसलेली असतात. फूल देताना चार शब्द बोलणं होतं. त्यातून गोळ्या संपल्या का, गॅस आहे का, पायाची सूज उतरली का, सगळं कळतं. फूल तोडायला अंगणात उतरता येतं की नाही, यावरून तब्येत कळते. ज्या घरी फूल घेऊन कुणी बसलेलं नसेल तिथे आत जायचं, मागच्या पडवीपर्यंत, न्हाणीपर्यंत. हा नियम मीच घालायला लावला.

गेल्या आषाढी एकादशीला पाळी एका दहावीतल्या मुलीच्या घरची होती. आजोबांनी तिला जास्वंद दिलं. मग पुन्हा दिलं. मग तिसरं आणायला उठले. पाऊस पडत होता, हवा गार होती आणि आजोबांच्या बनियनला घामानं ओल आली होती. मुलीनं त्यांना धरून बसवलं आणि विचारलं, आज काय खाल्लं? एकादशी म्हणून निर्जळी उपास केला होता, आणि मधुमेहाची गोळी रोजच्यासारखी घेतली होती. अशानं रक्तातली साखर उतरते आणि तेव्हा गोड द्यायचं, हे आशाताईंनी शाळेत येऊन सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. आजोबा शुद्धीत होते, गिळता येत होतं. तिनं चुलीशेजारच्या डब्यातला गूळ पाण्यात कालवून त्यांना पाजला आणि शेजाऱ्यांना हाक मारली. पंधरा-वीस मिनिटांत आजोबा तिला नावानं हाक मारायला लागले. दिवा त्या दिवशी अर्धा तास उशिरा लागला. देवीनं ते गोड मानून घेतलं असेल याबद्दल मला शंका नाही. तेव्हापासून एकादशीच्या आदल्या संध्याकाळी फूल मागताना साखरेच्या रुग्णांना आठवण करायची, उपास धरणार असाल तर गोळीचं डॉक्टरांना विचारलं का, हेही पाळीत आलं.

सगळं छान चाललं आहे असा समज करून द्यायचा नाही. दिव्याची पाळी गावातल्या ठरावीक घरांचीच. बौद्धवाडी तीत नाही, मोहल्ला नाही. म्हातारी माणसं तिथेही एकटी आहेत, आणि हे आमच्या लक्षात यायला जवळजवळ वर्ष गेलं. त्याची खंत मला आहे. आम्ही बौद्धवाडीत गेलो तेव्हा तिथल्या ताई म्हणाल्या, रविवारी विहारात वंदनेला कोण आलं नाही ते बघून आम्ही त्या घरी जातोच, आमच्याकडे हे आधीपासून आहे. आमच्या दोनशे पावलांवर ही रीत चालू होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. मोहल्ल्यातल्या पोरांनी मगरिबची नमाज झाली की घरी परतताना एकट्या माणसांची दारं बघायचं ठरवलं. मगरिब आणि दिवेलागण एकाच वेळची, त्यामुळे हल्ली कुठे काही कमीजास्त असलं तर तिन्हीकडचे निरोप रात्री आठच्या आत एकमेकांना पोचतात. निसर्ग वादळात रस्त्यावरची झाडं कापायला लाकूड कापायचं मशीन घेऊन पहिली मोहल्ल्यातलीच पोरं आली होती. ओळख तेव्हाची आहे, कामाला आता लागली.

पावसाळ्यात दोन वेळा दिवा लागला, पण घरं बघायची राहून गेली. एका घरानं आजवर फूल दिलेलं नाही, दारही उघडत नाही. आम्ही अंगणातून हाक मारतो, आतून खोकल्याचा आवाज आला की पुढे जातो.

पत्नीच्या आजारपणात काही महिने परळच्या टाटा रुग्णालयात आमच्या खेपा झाल्या. तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हाला आसरा मिळाला. शेजारच्या चुलीवर स्वयंपाक करणारी बाई बंगालची, तिला मराठी येत नव्हतं, आम्हाला बंगाली. पत्नीला उलट्या होत होत्या त्या दिवशी तिनं न सांगता मऊ भात आणून ठेवला. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, हे शाळेत वाचलं होतं. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या हेही माहीत होतं. पण त्या मऊ भाताच्या दिवशी मला त्यांचं कीर्तन ऐकू आल्यासारखं झालं. पत्नी त्यातून उठली नाही. ती असती तर हे पत्र तिनं मला आधीच लिहायला लावलं असतं.

माझी विनंती गावोगावच्या देवस्थान समित्यांना आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना आहे. शिमगा येतो आहे, बैठका लागतील. कळस करा, रंग काढा, माझा विरोध नाही, माझीही वर्गणी त्यात असेल. त्याच बैठकीत गावातल्या एकट्या माणसांची नावं वाचून काढा. देवळात एक स्ट्रेचर आणून ठेवा. आम्ही पालखीच्या खोलीत ठेवला आहे, आणि पालखीच्या पोरांना आशाताईंनी उचलायचं शिकवलं आहे. तुमच्या गावात दिव्याची पाळी नसेल तर काकड्याची, भजनाची, आरतीची कुठलीतरी असेलच. तिची वाट कुठल्या घरांवरून जाते ते बघा. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून त्या घरांत भिंतीला लावा. आम्ही कॅलेंडरच्या शेजारी लावला आहे.

आणि सप्ताहात पावत्या वाचणाऱ्या माझ्यासारख्यांना एक सांगणं. नाव पुकारलं की मांडवात नजर टाका आणि माणूस दिसतो का बघा. आम्ही आता नाव वाचून थांबतो. समोरून ‘‘हाय, हाय’’ असा आवाज आला की पुढची पावती. आवाज आला नाही तर एक पोरगा त्या घराकडे पळतो. त्यामुळे पावत्यांना पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, पंगत उशिरा बसते आणि कुणी कुरकुर करत नाही.

या सोमवारपासून बुधली माझ्या घरी आहे. काकींचं घर बंद असतं. त्यांच्या मागीलदारी बकुळीचं झाड आहे. फुलं खाली पडलेली असतील तर त्यांच्या नावानं मी एक ओंजळ वेचून नेतो.

आपला,
एक निवृत्त डाकसेवक
ता. दापोली, जि. रत्नागिरी